तीन बंद पाकिटं

पद्माकर देवस्थळींचा कशावरच विश्वास नव्हता असं म्हटलं तर ते खोटं होईल. तीन कोटेशनांवर त्यांचा ठाम विश्वास होता. सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात तेहेतीस वर्षं काढलेला माणूस. स्क्रू घ्यायचा असो की लेथ मशीन, तीन बंद पाकिटं मागवायची, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी उघडायची, तक्ता करायचा आणि ज्याचा भाव चांगला त्याला काम द्यायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी जे. पी. नगरच्या फ्लॅटला रंग देताना त्यांनी हेच केलं. रंगारी हसले, पण पाकिटं आणून दिली. मग सोळाशे युरोंचे पौंड करायची वेळ आली तेव्हा हा गृहस्थ दुसरं काय करणार होता?

युरो त्यांचे स्वतःचे होते. तेरा वर्षांपूर्वी ऑफिसने त्यांना सात आठवडे फ्रान्सला पाठवलं, तेव्हा रोजच्या भत्त्यातून वाचवलेले. वाचवलेले कसे, तर हॉटेलच्या खोलीत छोट्या कुकरमध्ये भात शिजवून, त्यावर बायकोने, हेमलताने, बांधून दिलेलं मेतकूट घालून. सात आठवडे दुपारी मेतकूट-भात, रात्री मेतकूट-भात. त्या नोटा मग कपाटात, जुन्या कॅमेऱ्याच्या केसमध्ये, तेरा वर्षं पडून होत्या. बदलून घ्यायला गेलं तर कुणी विचारायचं, इतकी वर्षं घरात ठेवलेच कसे, कायद्यात बसतं का, म्हणून पद्माकररावांनी त्या हलवल्याच नाहीत. कॅमेऱ्याच्या केसकडे नजर गेली की मात्र दर वेळी ते कपाट घाईघाईने लावून टाकायचे.

आता हेमलता इंग्लंडला निघाली होती, मुलीच्या, देवश्रीच्या बाळंतपणाला. रविवारी पहाटेचं विमान. एकटी निघाली होती, आणि ती एकटी का, हा विषय घरात कुणी काढत नव्हतं. झालं होतं असं की व्हिसाच्या अर्जाला बँकेचं स्टेटमेंट जोडायचं होतं, आणि आपल्या खात्यात किती पैसे आहेत ते परक्या देशाला कशाला कळवायचं, म्हणून पद्माकररावांनी शिल्लक रकमेवर काळं स्केचपेन फिरवलं होतं. पानोपानी. हेमलताचे कागद जावयाने तिकडून पाठवलेले, तिला व्हिसा मिळाला. यांचा अर्ज परत आला.

त्या दिवसापासून त्यांच्या मनाने एकच घेतलं होतं. हेमलता जन्मात पहिल्यांदा एकटी चाललीय, तीन महिने जावयाच्या घरी राहणार आहे. तिच्या पर्समध्ये तिचे स्वतःचे पौंड पाहिजेत. साधी कोथिंबिरीची जुडी आणायला तिला कुणापुढे हात पसरायला लागता कामा नये. कार्ड देऊ का म्हणून बँकवाली मुलगी विचारत होती, पण कार्डावर यांचा भरवसा नाही. यंत्राने गिळलं तर ही बाई परदेशात कुणाला हाका मारणार?

सोमवारी सकाळी त्यांनी तीन पत्रं टाइप केली. विषय: युरोचे पौंडात रूपांतर, दरपत्रक मागवण्याबाबत. मुदत: गुरुवार. उघडण्याची वेळ: शुक्रवार, दुपारी चार.

पहिलं पत्र पेन्शनच्या बँकेत दिलं. मॅनेजरबाईंनी ते दोनदा वाचलं आणि सांगितलं, "सर, थेट युरोचे पौंड होत नाहीत. युरो विकून रुपये, रुपये देऊन पौंड."

"म्हणजे दोनदा कापणार," पद्माकरराव म्हणाले.

"दोन व्यवहार आहेत, सर."

"तेच म्हणतोय मी." आणि मनात म्हणाले, बघा, उघड उघड सांगतात आणि वर सर म्हणतात.

दुसरं पत्र घेऊन ते जयनगरला गेले. शॉपिंग कॉम्प्लेक्सच्या मागच्या गल्लीत, एका साडीच्या दुकानाच्या वर, नागोजीराव मोहिते यांचं चलन बदलण्याचं दुकान. काचेची खिडकी, भिंतीवर परवान्याची चौकट, खाली टेबलामागे साठीचे, जाड चष्म्याचे नागोजीराव. पद्माकररावांनी इंग्रजीत सुरुवात केली. नागोजीरावांनी पत्रावरचं नाव वाचलं आणि तोंडभर हसले.

"देवस्थळी म्हणजे आपलेच की हो! या अण्णा, बसा. आमी बी मराठीच. तीनशे वर्सं झाली बघा इथं. स्वल्प कॉफी घेणार?"

झालं. पद्माकररावांच्या कपाळावर पहिली आठी तिथेच पडली. दुकानदाराने जात-गाव-भाषा काढून जवळीक केली की खिशावर हात ठेवायचा, हे ते तेहेतीस वर्षं करत आले होते. आणि ही कसली मराठी? अर्धी कानडी! अण्णा काय, स्वल्प काय! त्यांनी कॉफी नाकारली.

नागोजीरावांनी पत्र वाचून चष्मा काढला. "अण्णा, भाव पाकिटात घालून कसा ठेवू? ह्यो दर घंट्याला हलतोय. गुरुवारचा भाव शुक्रवारी शिळा. येताना पासपोर्ट, तिकीट, पॅनकार्ड घेऊन या, समोर बसा, त्या टायमाचा भाव देतो, पावती देतो."

"पासपोर्ट कशाला?"

"नियम हाय."

"आणि युरो कुठून आले तेही विचारणार?"

"लिहायला लागतंय की. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! पद्माकररावांना कॅमेऱ्याची केस आठवली. "तुम्ही पाकीट द्या, पुढचं मी बघतो," एवढं बोलून ते जिना उतरले. घरी आल्यावर जेवताना त्यांनी हेमलताला सगळं सांगितलं, साडीच्या दुकानासकट. "माणूस गोडगोड बोलतो. शिवाय पासपोर्ट मागतो, पॅन मागतो. एवढी माहिती याला कशाला हवी?"

हेमलता आमटी वाढत होती. "साडीचं दुकान म्हणजे ते कोपऱ्यावरचं?" एवढंच तिने विचारलं.

तिसरं पाकीट कुठून आणायचं, याची चिंता त्यांना करावी लागली नाही. कुणी ओळखीचा आहे का, म्हणून शहरातल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर विचारलं, आणि दहाच मिनिटांत एका मुकुलचा फोन आला. काय सुंदर मराठी! स्वच्छ, पुणेरी, मधूनमधून इंग्रजी.

"काका, मी बेळ्ळंदूरला असतो, फिनटेकमध्ये आहे. मूळचा कर्वेनगरचा. हे सगळे फॉरेक्सवाले कस्टमरला कसं लुटतात ते मला माहितीये. आमचं थेट असतं, युरो टू पाउंड. मध्ये रुपी नाहीच."

"बंद पाकिटात कोटेशन द्यावं लागेल," पद्माकरराव म्हणाले आणि तो हसेल म्हणून थांबले.

"द्यायलाच हवं, काका. प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर. आजकाल कोण एवढी शिस्त पाळतं?"

पद्माकरराव खुर्चीत सरळ बसले. "कागदपत्रं काय लागतील?"

"आपल्यात कसले कागद, काका?"

हे वाक्य खरं तर तिथल्या तिथे टोचायला हवं होतं. खरेदी विभागात असताना असं कुणी म्हटलं असतं तर त्या कंपनीचं नाव त्यांनी काळ्या यादीत टाकलं असतं. पण त्या क्षणी त्यांची ती तेरा वर्षांची धास्ती विरघळली, आणि माणसाला एकदा हलकं वाटायला लागलं की तो पुढचं ऐकत नाही. कर्वेनगरचा मुलगा, आपल्यासारखं बोलणारा, आपली पद्धत मानणारा. दोन दिवसांनी मुकुलचं पाकीट कुरियरने आलं, वर सुबक अक्षरात 'गोपनीय' लिहिलेलं.

गुरुवारी ते जयनगरला पाकीट घ्यायला गेले. बिचाऱ्या नागोजीरावांनी खरंच पाकीट तयार ठेवलं होतं. देताना म्हणाले, "उगीच घोळ घालताय, अण्णा. रविवारच्या आत व्हायला पायजे नव्हं? उद्या सकाळी या बघा."

पद्माकररावांचा हात पाकिटावरच थांबला. रविवार? पत्रात त्यांनी 'काम तातडीचं' एवढंच लिहिलं होतं. रविवारचं विमान हे त्यांनी शेजाऱ्यांनाही सांगितलेलं नव्हतं. घरात एकटा माणूस राहणार हे चार लोकांना कळवायचं कशाला?

"रविवार कुणी सांगितला तुम्हाला?"

नागोजीराव गडबडले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "असंच बोललो, अण्णा. लोक रविवारचेच जातात."

काय पण थाप! लोक रविवारचेच जातात म्हणे! पद्माकररावांनी जिना उतरताना दोनदा मागे वळून पाहिलं, कुणी येतंय का म्हणून. त्या संध्याकाळी त्यांनी दाराला आतून जादा कडी लावली आणि कॅमेऱ्याची केस गाद्यांच्या कपाटात हलवली. हा माणूस आपली माहिती काढतोय, यात त्यांना आता तिळमात्र शंका उरली नाही. हेमलताला त्यांनी हे सांगितलं तेव्हा तिच्या हातातून वाटी निसटली. "घाबरू नकोस," ते म्हणाले, "मी आहे."

शुक्रवारी दुपारी चार वाजता जेवणाच्या टेबलावर, हेमलताच्या साक्षीने, पाकिटं उघडली गेली. बँक: बाराशे नव्वद पौंड, चार कामाचे दिवस. नागोजीराव: तेराशे पंधरा, आणि खाली कानडी वळणाच्या अक्षरात टीप, 'हा गुरुवार अकरा वाजताचा भाव. रोज विचारणे.' मुकुल: तेराशे ऐंशी. घरपोच नाही, पण लगेच, रोख.

"पासष्ट पौंड जास्त," पद्माकरराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "सात-साडेसात हजार रुपये झाले हे. बघितलंस? पद्धत म्हणतात याला."

"अहो, पण हा मुकुल कोण, कुठला?"

"कर्वेनगरचा."

टेबलावरची पाकिटं गोळा करून हेमलताने रद्दीत टाकली, ती त्यांनी परत काढून फाइलला लावली.

शनिवारी सकाळी ते रिक्षाने बेळ्ळंदूरला गेले. रिक्षावाला लांबच्या रस्त्याने नेतोय अशी त्यांना वाटभर शंका होती. तो नेत नव्हता, ट्रॅफिकच तसं होतं. काचेच्या उंच इमारतींच्या खालच्या कॉफीशॉपात मुकुल भेटला. तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, वाकून नमस्कार केला त्याने. पद्माकररावांनी तयारी जय्यत केली होती: भिंग, नोटा तपासायचा जांभळा दिवा, आणि खऱ्या पौंडाची नोट कशी ओळखावी हे सांगणारी एक छापील पत्रिका, तेरा वर्षांपूर्वी फ्रान्सला जाताना ऑफिसने परक्या नोटांबद्दल दिलेल्या फाइलमधली. तासभर त्यांनी एकेक नोट तपासली. उजेडात धरल्यावर दिसणारं राणीचं चित्र, चमकणारा धागा, बोटाला लागणारी उठावाची अक्षरं. सगळं पत्रिकेबरहुकूम. एकही नोट खोटी नव्हती. तोपर्यंत मुकुलने न कुरकुरता दोन कॉफ्या मागवल्या.

सोळाशे युरो गेले, तेराशे ऐंशी पौंड आले. आणि आयुष्यात पहिल्यांदा पद्माकर देवस्थळींनी पावती मागितली नाही. पावतीवर नाव आलं असतं, नाव आलं की प्रश्न आले असते.

परतताना ते इतके खुशीत होते की घरी न जाता त्यांनी रिक्षा जयनगरकडे वळवली. दोन कामं होती. ज्याला काम दिलं नाही त्याला खेदपत्र द्यायचं असतं, ही पद्धत. ते पत्र त्यांच्या बॅगेत तयार होतं. आणि रविवार कुणी सांगितला, ते या माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

नागोजीरावांनी खेदपत्र शांतपणे वाचलं. 'आपल्या सहभागाबद्दल आभार. मंजूर दर: तेराशे ऐंशी.' मग म्हणाले, "तेराशे ऐंशी? ह्या भावात आमाला बी मिळत नाहीत. बघू बरं एक नोट."

पद्माकररावांनी ऐटीत पन्नासची एक नोट काढून दिली, पण कोपरा हातातून सोडला नाही. नागोजीरावांनी ती नुसती चिमटीत धरली. भिंग नाही, दिवा नाही.

"खरी हाय," ते म्हणाले.

"आहेच!"

"पर कागदाची हाय, अण्णा." त्यांनी खण उघडून स्वतःकडची एक नोट काढली आणि शेजारी ठेवली. तिच्यात एक आरपार दिसणारी खिडकी होती, अंगाने ती प्लास्टिकसारखी गुळगुळीत. "आता तिकडं ह्या चालतात. कागदाच्या विसा-पन्नासाच्या दुकानात चालायच्या बंद होऊन चार वर्सं होत आली. दुकानदार हातात घेत नाही, बसवाला घेत नाही."

पद्माकररावांनी उरलेल्या नोटा काढल्या. सगळ्या विसाच्या, पन्नासाच्या. सगळ्या कागदाच्या. त्यांनी मुकुलला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. ग्रुपवर पाहिलं तर मुकुल दुपारीच ग्रुप सोडून गेलेला. डोळ्यांसमोर एकच दिसायला लागलं: हेमलता एखाद्या दुकानात उभी आहे, हातात कोथिंबीर, नोट पुढे केलीय, आणि काउंटरवरची बाई मान हलवतेय. मागे रांग आहे. हेमलताला इंग्रजी कळतं, पण घाईत बोलता येत नाही.

"पोलिसात जावा की," नागोजीराव म्हणाले.

"कसा जाऊ?" आणि मग, तेरा वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं ते पद्माकरराव या परक्या माणसाला सांगून बसले. कॅमेऱ्याची केस, मेतकूट-भात, कायदा, सगळं.

नागोजीराव ऐकत राहिले. "किती होते म्हणता? सोळाशे? अहो अण्णा, दोन हजार डॉलरच्या आतलं वाचलेलं घरात ठेवायला परवानगी हाय. तुमचं काय बी चुकलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं."

पद्माकररावांनी टेबलावरच्या नोटा गोळा करून एकावर एक लावल्या.

"बुडाले नाहीत पैसे," नागोजीराव त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवत म्हणाले. "लंडनची मोठी बँक ह्या जुन्या नोटा अजून घेते. फॉर्म भरून पोस्टानं पाठवायच्या. टाइम लागेल, पर मिळतील. लेकीला सांगा. आणि अक्कांच्या खर्चाची काळजी कशाला करता? त्यांनी मंगळवारी चारशे नेलेत की..." आणि त्यांनी जीभ चावली.

"कुणी नेलेत?"

"अय्यो. सांगू नका म्हणाल्या होत्या."

"हेमलता? इथे आली होती?"

"पासपोर्ट, तिकीट, पॅन, सगळं घेऊन आल्या. पासपोर्टात नवऱ्याचं नाव बघितलं, तुमचंच. तिकीट रविवारचं. म्हणून गुरुवारी तोंडातून गेलं, अण्णा. माफ करा."

रिक्षात बसल्यावर पद्माकररावांच्या डोक्यात खरं तर शंभर गोष्टी यायला हव्या होत्या. मुकुल, पोलीस, कागदाच्या नोटा. पण जे. पी. नगर येईपर्यंत एकच प्रश्न भुंग्यासारखा घोंगावत राहिला. चारशे पौंड म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या वर. हिच्याकडे एवढे आले कुठून?

घरात हेमलता बॅगेपुढे बसली होती. मेतकुटाच्या दोन पिशव्या ती साड्यांच्या घडीत बसवत होती. पद्माकरराव चप्पल न काढता आत आले.

"चारशे पौंडांना पैसे कुठून आणलेस तू?"

हेमलताने वर पाहिलं. घाबरली नाही, दचकली नाही. जणू हा प्रश्न येणार, याच शब्दांत येणार, हे तिला मंगळवारपासून माहीत होतं.

"हेच," ती म्हणाली. "पहिल्यांदा हेच विचाराल, म्हणून सांगितलं नाही."

मग तिने सांगितलं. मेतकूट आणि भाजणी. नऊ वर्षं ती सोसायटीतल्या आणि आसपासच्या मराठी घरांना करून देत होती. ते यांना माहीत होतं, पण तो वेळ घालवायचा उद्योग, चार-दोन किलोचा मामला, असंच ते धरून चालले होते. कधी हिशेब विचारला नव्हता. खरेदी विभागातल्या माणसाने तेवढी एकच गोष्ट कधी तपासली नव्हती.

ते खुर्चीवर बसले. खिशातून नोटांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला, आणि सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. कर्वेनगरही सांगितलं.

हेमलता ऐकून घेत राहिली. हसली नाही, याचंच त्यांना जास्त लागलं.

"नागोजीराव चोर आहे म्हणून मी कडी लावत होतो," ते म्हणाले, "तेव्हा तरी सांगायचंस. एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी त्यांच्याकडेच गेलो असतो."

"हो. ते चुकलं माझं."

"मग? माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता का तुझा?"

हेमलताने मेतकुटाच्या पिशवीची गाठ घट्ट केली.

"व्हिसाच्या वेळी ठेवला होता," ती म्हणाली.

पद्माकररावांना तोंडात मारल्यासारखं झालं. स्टेटमेंटच्या पानांवरून सरकणारं ते काळं स्केचपेन लख्ख दिसलं. शेजारच्या खोलीत हेमलता तेव्हा दोघांचे स्वेटर मोजत होती. अर्ज नीट भरलाय ना, म्हणून तिने दारातून विचारलं होतं. अगदी नीट, असं ते म्हणाले होते. त्यांचा तो स्वेटर अजून किमतीच्या चिठ्ठीसकट कपाटात होता.

"माझं चुकलं गं," ते म्हणाले. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. हे वाक्य त्यांना इतकं जड जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

तिने टेबलावरचा गठ्ठा उचलला. मोजला नाही. जुन्या रुमालात गुंडाळून साड्यांच्या मध्ये ठेवला. "नेते मी हे. देवू पाठवेल बँकेत. बाबांनी दिलेत म्हणून सांगेन."

"कागदाचे आहेत म्हणून नको सांगूस."

"ते तिला दिसेलच की," हेमलता म्हणाली. तिने झाकण ओढलं. चेन अर्ध्यावर अडकली. "अहो, जरा बसा इथे. लागत नाहीये."

पद्माकरराव उठले आणि बॅगेवर बसले. हेमलताने त्यांच्या बाजूने चेन ओढत नेली, आणि बॅग बंद झाली.